पाठीतला ‘कट्’ आणि माझा डावा पाय

राग गेल्यावर लिही, असं घरच्यांनी सांगितलं होतं. राग काही जात नाही, म्हणून रागातच लिहिते आहे. ज्यांची पाठ दुखते आणि ज्यांना कुणीतरी मोबाइलवर मणका बसवण्याचा व्हिडिओ पाठवला आहे, त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांना फक्त माझी कीव करायची आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. ते काम आमच्या चाळीने पुरेसं केलं आहे.

मी नीलम. पन्नाशी ओलांडली आहे. परळच्या एका शाळेत हेडक्लार्क आहे आणि लालबागला राहते. आमच्या खोलीत मी, नवरा विलास आणि सासूबाई. विलास बस डेपोत मेकॅनिक आहेत. शेजारच्या खोलीत माझे दीर, संजू भाऊजी. ते कबड्डी मंडळाचे कार्यकर्ते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत होते, त्यामुळे ते मला ‘वहिनी, तू’ म्हणतात आणि मी त्यांना रीतसर ‘भाऊजी, तुम्ही’.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. मी पायाळू आहे.

पायाळूची पाठ

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. आमच्या कोकणातल्या माणसांची अशी पक्की समजूत की बादली उचलताना, वाकताना पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाने तिथे पाय लावायचा. सकाळी, तोंड धुवायच्या आधी, डाव्या पायाने, तीन वेळा. मग चमक जाते. माहेरी असल्यापासून मी हे करत आले. सासरी आल्यावर तर चाळीत माझा भाव एकदम वधारला. सकाळी दार उघडलं की कुणीतरी कमरेवर हात ठेवून वाकडं उभं. मी चहाचं आधण ठेवायचं, माणसाने चटईवर पालथं पडायचं, मी पाय लावायचा, त्याने ‘आहाहा’ म्हणून उठायचं.

माझ्या आईने मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, “उसण दोन-तीन दिवसांत आपली आपण जाते. तू पाय लावलास की माणसाला धीर येतो, एवढंच. पण पाठ कधी दाबायची नाही. नुसता पाय टेकवायचा आणि काढून घ्यायचा.” मी तेच केलं. तळव्याखाली माणसाची पाठ कळते. कुणाची दगडासारखी ताठ, कुणाची तापलेली, कुणी पाय लागायच्या आधीच अंग चोरतो.

आमच्या घरात मात्र माझ्या आईचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही. घरात नियम एकच: पाठ दुखली की कुणीतरी बाहेरून काहीतरी करायचं आणि क्षणात मोकळं व्हायचं. वाट बघणं, तपासणं, गोळी घेऊन पडून राहणं हे सगळं कमकुवत लोकांचं काम. अशा घरात मोबाइलवर कटकट आवाज करणारे व्हिडिओ आल्यावर काय होणार होतं?

दुखणं

शाळेच्या कपाटातले जुने रजिस्टरांचे गठ्ठे हलवताना पाठीत काहीतरी सटकलं. उसण असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण ही उसण पाठीत राहीना. ती डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाजूने खाली उतरली, नडगीवरून जाऊन अंगठ्यापर्यंत पोचली. अंगठ्याला मुंग्या. शिंकलं तरी पायातून वीज जायची.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “कमी झालं नाही तर एमआरआय काढू. तोवर उगाच कुठे मालिश-बिलिश करून घेऊ नका.” साधं, सरळ वाक्य. ते मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून भाऊजी हसले.

“वहिनी, एमआरआय म्हणजे धंदा आहे गं त्यांचा. तू पायाळू. आता पायाळूला पाय लावायला दुसरा पायाळू कुठून आणायचा? स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला पोचणार आहे का तुझा? म्हणून सांगतो, आमच्या सरांकडे चल.”

सर म्हणजे दादरचे कायरोप्रॅक्टर. औषध नाही, सुई नाही, हाताने सांध्यांना आणि मणक्यांना झटका द्यायचा आणि ते ‘मोकळे’ करायचे, ही त्यांची विद्या. मंडळाच्या स्पर्धेला ते पाहुणे म्हणून आले होते आणि मैदानाच्या कडेला टेबल टाकून त्यांनी पोरांच्या माना मोडून दाखवल्या होत्या. पोरं एकोणीस-वीस वर्षांची. त्यांच्या मानेवर म्हैस बसली तरी ती उठून चढाई करतील. पण भाऊजींच्या दृष्टीने तो चमत्कार होता.

सासूबाई आतून म्हणाल्या, “जा गो, बघून तरी ये. गोळये खावन खावन पोट जळतला.”

मी गेले. पाय इतका दुखत होता की कुणी समुद्रात उडी मार म्हटलं असतं तरी मी कुठून, एवढंच विचारलं असतं.

दादरचे सर

दुसऱ्या मजल्यावर, थंडगार, सुगंधी मेणबत्ती लावलेलं क्लिनिक. भिंतीवर खेळाडूंसोबतचे फोटो, चौकटीत प्रमाणपत्रं. टेबलावर प्लास्टिकचा मणक्यांचा सापळा. सर पस्तिशीचे, घट्ट टी-शर्ट, दंड फुगलेले.

मी माझ्या सवयीप्रमाणे सगळं कागदावर लिहून नेलं होतं. दुखणं कधी सुरू झालं, कुठून कुठे जातं, कशाने वाढतं, अंगठ्याच्या मुंग्या, घेतलेल्या गोळ्या. सरांनी कागद घेतला, न वाचता सापळ्याखाली सरकवला आणि म्हणाले, “ताई, हे सगळं विसरा. बॉडी मला सांगेल.”

माझ्या बॉडीने त्यांना काय सांगितलं ते ऐका. त्यांनी मला पालथं झोपवून दोन्ही घोटे धरले, जवळ आणले आणि भाऊजींना म्हणाले, “बघा, डावा पाय आखूड.” भाऊजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी इतकी वर्षं घरापासून काहीतरी लपवलं होतं. पावलं नीट बघितली नाहीत. चालून दाखवा म्हणाले नाहीत. अंगठ्याला हातही लावला नाही. माझ्या ब्लाउजच्या पाठीला मात्र एक छोटा माइक लावला.

“हे कशाला?” मी विचारलं.

“आवाज क्लिअर येतो, ताई. छोटासा व्हिडिओ घेतोय. लोकांना अवेअरनेस होतो.”

मग कुशीवर वळवलं, वरचा गुडघा दुमडला, खांदा मागे दाबला, कंबर पुढे ओढली आणि झटका. कट्! आवाज इतका स्वच्छ आला की भाऊजींनी टाळी वाजवली.

आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तासभर वाटलं. सरांनी कॅमेऱ्यासमोर विचारलं, “कसं वाटतंय, ताई?” मी हसून म्हटलं, “हलकं हलकं वाटतंय.” ते हसू अजून इंटरनेटवर आहे.

त्याच दिवशी भाऊजींनी सिटिंगचं पॅकेज घेऊन टाकलं. माझ्यासाठी, प्रेमाने, स्वतःच्या खिशातून. हे मुद्दाम लिहिते, कारण मला भाऊजींचा राग आला तरी त्यांच्या प्रेमाबद्दल शंका कधीच नव्हती. माणसं प्रेमानेच आपल्याला अशा टेबलावर नेऊन झोपवतात.

दुसऱ्या सिटिंगनंतर अंगठा बधिर झाला. तिसऱ्याला गेले तेव्हा मी सरांना स्पष्ट सांगितलं, “आता मुंग्याही येत नाहीत. अंगठा आहे की नाही तेच कळत नाही.”

सर खूश झाले. “व्हेरी गुड! नस मोकळी होतेय. आधी ओरडत होती, आता शांत झाली.”

आणि पुन्हा पिळलं. या वेळी आधीपेक्षा जोरात. कट्! पायातून एक कळ अशी गेली की मी टेबलाची कड घट्ट धरली. सर म्हणाले, “हाच, हाच अडकला होता!”

क्लिनिकचा जिना उतरताना मी कठडा धरून पुढे होते, भाऊजी मागे. मधल्या पायऱ्यांवर ते म्हणाले, “अगं वहिनी, चप्पल राहिली बघ तुझी.”

मी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती वरच्या पायरीवर पडली होती. ती पायातून निघाली हे मला कळलंच नव्हतं. भाऊजींनी ती आणून माझ्यासमोर ठेवली. मी पाय उचलून घालायला गेले तर पुढचा पंजा वर उचलेना. तो ओल्या फडक्यासारखा लोंबत होता.

निदान

भाऊजींनी तिथूनच सरांना फोन लावला. ते एक मजला वर होते, पण खाली आले नाहीत. फोनवर म्हणाले, “ताईंना सांगा घाबरू नका. बॉडी अ‍ॅडजस्ट होतेय. उद्या एक एक्स्ट्रा सिटिंग देतो, माझ्याकडून.”

घरी आल्यावर भाऊजी म्हणाले, “उद्या सकाळी पहिला नंबर लावतो.” सासूबाई म्हणाल्या, मोहरीच्या तेलाने चोळून बघू. विलास डेपोतून आले, हातपाय धुतले, माझ्यासमोर खाली बसले आणि माझा पाय हातात घेऊन म्हणाले, “वर उचल.”

उचलला नाही.

“पुन्हा.”

नाही.

ते उठले. “चला. हॉस्पिटल.”

“अरे दादा, सर म्हणाले ना उद्या—” भाऊजी सुरू झाले.

“संज्या, गिअर टाकताना खाडकन आवाज आला म्हणून गिअर बसला असं मी कधी म्हणतो का? टॅक्सी बघ.”

परळच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात अपघात विभागात आम्ही गेलो. तिथे गर्दी, वास, आरडाओरड, सगळं होतं. मेणबत्ती नव्हती. एक तरुण डॉक्टरीण आली. चेहऱ्यावर झोप नव्हती आणि गोड बोलणंही नव्हतं. “चपला काढून टाचेवर चालून दाखवा.”

बस. एवढं एक वाक्य. उजवी टाच जमिनीवर, पंजा वर. डावा पंजा फटकन खाली आपटला. तिने माझ्या अंगठ्याला, पावलाला, मांडीच्या आतल्या बाजूला टोचून टोचून विचारलं, कळतं का? मग म्हणाली, “लघवी कधी झाली?”

मी आठवू लागले. सकाळपासून नाही. आणि लागलीही नव्हती. ते ऐकल्यावर तिने नर्सला हाक मारली, तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. तोवर नुसती वेदना होती.

माझ्या पर्समध्ये त्या कागदाची दुसरी प्रत होती. तिने ती उभ्या उभ्या पूर्ण वाचली. “हे लिहून नेलं होतं त्यांच्याकडे?”

“हो.”

“वाचलं त्यांनी?”

“बॉडी सांगेल म्हणाले.”

तिने कागद माझ्या केसपेपरला टाचला. एमआरआयसाठी स्वतः फोन करून भांडली आणि मला आत ढकललं. मणक्यांमधली गादी फुटून तिचा मोठा तुकडा नसांच्या जुडग्यावर बसला होता. लघवीच्या नसाही दाबल्या जात होत्या. पाय तर पाय, आता उशीर केला तर आयुष्यभर लघवीची नळी लावायची वेळ येईल, असं तिने सरळ सांगितलं. मी सहीसाठी पेन मागितलं.

तिला मी विचारलं होतं, “त्या माणसामुळेच झालं ना हे?”

“असं मी लिहून देणार नाही,” ती म्हणाली. “गादी आधीच बाहेर आलेली असणार. कदाचित ती स्वतःही फुटली असती. पण पायाला मुंग्या, अंगठा बधिर, अशा पेशंटची कंबर पिळायची नसते. कुणीच नाही.”

“मग तो आवाज? बरं वाटलं होतं मला.”

“बोटं मोडल्यावर आवाज येतो ना? तोच. सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो त्याचा. त्याने काही बसत नाही आणि काही सरकत नाही.”

मी आयुष्यभर लोकांच्या पाठीला पाय लावत आले. आवाज कधी आला नाही. निदान मी कुणाला फसवलं तरी मुकाट्याने फसवलं.

वॉर्ड

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी आधी पाय हलवायला गेले आणि तो हलला नाही. पायातली वीज मात्र गेली होती. डॉक्टरीण म्हणाली, नस दबून झोपली आहे, उठेल की नाही आणि किती उठेल ते वेळच सांगेल. हे लोक खोटं बोलत नाहीत, याचाही राग येतो कधी कधी.

वॉर्डाचा दिवस पहाटे सुरू होतो. अंग पुसणं, चादरी बदलणं, तापमान, मोठ्या डॉक्टरांची फेरी, ज्यात आठ माणसं आपल्या पायाकडे बघतात आणि आपल्याकडे एकही नाही. लघवीची पिशवी खाटेला लटकलेली. भेटायला येणाऱ्यांनी ती बघू नये म्हणून मी तिच्यावर टॉवेल टाकायचे. वॉर्डातल्या मावशी येऊन तो काढायच्या, “अगं झाकतेस काय, भरली तर मला दिसायला नको?”

नेमक्या त्याच वेळी सरांनी माझा व्हिडिओ टाकला. ‘लालबागच्या ताईंची पाठदुखी एका झटक्यात गायब.’ खाली लोकांची लाल लाल बदामं. चाळीतल्या कुणीतरी तो आमच्या ग्रुपवर टाकला आणि ज्यांना ऑपरेशनचं माहीत नव्हतं त्यांनी माझं अभिनंदन केलं. मी नळी लावून पडले होते आणि फोनमध्ये मी हसत सांगत होते, हलकं हलकं वाटतंय. विलास क्लिनिकमध्ये जाऊन आले. रिसेप्शनवर सांगितलं, ताईंनी कॅमेऱ्यावर स्वतः संमती दिली आहे.

नळी काढली त्या दिवशीची गोष्ट सांगते, कारण तशी वेळ कुणावर आली तर ती उपयोगी पडेल. नळी काढल्यावर स्वतःहून लघवी झाली तर सुटका, नाही तर पुन्हा नळी. मी बसले. होईना. भीतीने तर आणखीच होईना. मावशींनी शेजारच्या बेसिनचा नळ थोडा सोडला आणि पडदा ओढून घेतला. पाण्याची धार नुसती वाजत राहिली. बाहेरून पलीकडच्या खाटेवरच्या आजी ओरडल्या, “झाली का गो?”

“नाही अजून.”

“नळ मोठा सोडा तिचा!”

झाली. थोडी, पण माझी. पडद्याबाहेर कुणीतरी “झाली, झाली!” म्हणालं आणि बायकांचा अख्खा वॉर्ड हसला. त्या व्हिडिओवरच्या सगळ्या बदामांपेक्षा ते हसणं मला मोलाचं वाटलं.

उरलेल्या सिटिंग

घरी आले ती पायात प्लास्टिकचा पट्टा घालून. पंजा लोंबू नये म्हणून नडगीच्या मागून तळव्यापर्यंत जाणारा पट्टा असतो. चालताना टक् टक् वाजतो. फिजिओथेरपी सुरू झाली. अंगठा किंचित हलायला लागला. मला वाटलं, आता त्या माणसाचं नाव या घरात कुणी घेणार नाही.

एका संध्याकाळी भाऊजी सासूबाईंना म्हणाले, “आई, वहिनीच्या सिटिंग उरल्यात. सर म्हणाले, घरातल्या कुणाच्याही नावावर करून देतो. तुझी मान दाखवू या.”

मला आधी वाटलं, चेष्टा करतात.

“भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

“वहिनी, तुझी डिस्क आधीच खराब होती. डॉक्टरीणच म्हणाली ना? सरांवर कशाला टाकतेस सगळं? आमच्या पोरांचे खांदे बसवलेत त्यांनी.”

“ती तुमची पोरं वाळवंटात टाकली तरी उगवतील. आई सत्तरीच्या पुढे आहेत!”

सासूबाईंना वाटलं, मी त्यांचं वय काढलं. “तुझा झाला ता तुझ्या नशिबान. माझी मान दुखता ती कोण बघतला? भरलेले पैशे फुकट कित्याक घालवूचे?”

मी त्यांना पट्टा लावलेल्या पायाने डॉक्टरांकडे घेऊन गेले. हाडं ठिसूळ झाली आहेत, मानेला झटका बिलकूल द्यायचा नाही, मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाली तर पक्षाघातही येऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, “हाडां ठिसूळ आसत म्हणान काय मान दुखाची थांबता?” विलास आम्हा दोघींच्या मध्ये पेपर वाचत बसले. माझ्यासाठी रात्र रात्र वॉर्डाबाहेर बसलेला माणूस आईपुढे मुका झाला.

रविवारी सकाळी भाऊजी टॅक्सी घेऊन आले. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. मी एक खुर्ची ओढली, दारात उंबऱ्यालगत टाकली, तिच्यावर बसले आणि पट्टा बांधलेला डावा पाय लांब करून समोरच्या चौकटीला टेकवला.

“ह्या काय गो आता?”

“जायचं असेल तर माझा पाय ओलांडून जा.”

“चल उठ, वाट दी.”

“उठता येत नाही. पाय अजून आखूडच आहे.”

बसलेल्या माणसाचा पाय ओलांडायचा नाही, हे आमच्याकडे पोरांनाही कळतं. त्यातून पायाळूचा. सासूबाई पदर सावरत माझ्या पायाकडे बघत उभ्या राहिल्या. गॅलरीत शेजारी जमले. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

“आई, टाक पाय, काही होत नाही,” भाऊजी बाहेरून म्हणाले.

“तू गप. पायाळूचो पाय वलांडूचो नसता.” त्या मागे फिरल्या, खाटेवर बसल्या आणि लुगड्याच्या निऱ्या मोकळ्या करत मला म्हणाल्या, “म्हाळशे, पाय दुखत नाय तुझो तसो धरून?”

दुखत होता. प्रचंड दुखत होता. भाऊजी जे खाली गेले ते माझ्याशी बोलायचेच बंद झाले. जाताना ऐकवून गेले, “सिटिंग माझ्याच आहेत. आज नाही तर पुढच्या महिन्यात.”

कायरोप्रॅक्टर निवडायचाच असेल तर

लोक मला विचारतात, म्हणजे अजिबात जायचं नाही का? दुखणं नुसतं पाठीतच असेल, तपासून झालं असेल, तर जा बापडे. मी पोलीस नाही. पण आधी एवढं करा.

पदवी काय, कुठली, किती वर्षांची, हे विचारा. परदेशात यासाठी कित्येक वर्षांचं पूर्ण शिक्षण आहे. आपल्याकडे आठवड्याचा कोर्स करूनही लोक तीच पाटी लावतात, आणि ती पाटी तपासणारं कुणी असल्याचं मला तरी चौकशीत सापडलं नाही. चौकट भिंतीवर लावायची असते तशी ती वाचायचीही असते. मी दिवसभर लोकांचे दाखले तपासते. त्या दिवशी माझा चष्मा पर्समध्येच राहिला.

तो तुम्हाला हात लावायच्या आधी किती वेळ ऐकतो ते बघा. चालायला लावतो का, टाचेवर, चवड्यावर? पायाला कुठे कळत नाही हे टोचून बघतो का? लघवी-शौचाचं विचारतो का? जुने रिपोर्ट मागतो का? पहिल्याच दिवशी पॅकेज विकत असेल तर तुमची पाठ कशी आहे हे त्याला तुम्ही यायच्या आधीच माहीत होतं. माइक लावत असेल तर उठा. इलाज कानाने होत नाही.

आणि एक प्रश्न नक्की विचारा: “तुम्ही हे कुणावर करत नाही?” ज्याच्याकडे याचं लांबलचक उत्तर आहे तो माणूस निदान शिकलेला आहे. जो म्हणेल, सगळ्यांवर चालतं, त्याच्या जिन्यावरून चपला पायात असतानाच उतरा.

नंतर एका खऱ्या शिकलेल्या कायरोप्रॅक्टर बाईंशी माझं फोनवर बोलणं झालं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला हातही न लावता त्याच दिवशी एमआरआयला पाठवलं असतं.” मला त्यांचा जास्तच राग आला. अशीही माणसं असतात, आणि व्हिडिओ मात्र दुसऱ्यांचेच येतात.

पायातली ताकद गेली, मांडीच्या आत बधिर वाटलं, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर कुणाचंही ऐकू नका. रुग्णालय. त्याच तासाला.

परवा सकाळी

परवा सकाळी दार उघडलं तर भाऊजी. कमरेवर हात, अंग एका बाजूला कलंडलेलं, तोंड न धुतलेलं. कित्येक आठवडे ते माझ्याशी बोलले नव्हते.

“वहिनी, उसण भरलीय. पाय लाव ना.”

“का? सर गावाला गेले?”

ते चौकट धरून उभे राहिले. मग खाली बघत म्हणाले, “तिकडे नाय जात.”

“तुमच्या पोरांचे खांदे बसवतात ना ते?”

“वहिनी, लय दुखतंय गं. नंतर शिव्या घाल.”

“आधी टाचेवर चाला. गॅलरीच्या टोकापर्यंत.”

“काय?”

“चाला म्हटलं ना.”

ते निघाले. वाकडे, टाचांवर, हात पसरून, बदकासारखे. शेजारच्या दारातून हसू फुटलं. दोन्ही पंजे नीट वर होते. मी बघितले, दोनदा बघितले.

“लघवी होते नीट?”

“वहिनी, हळू बोल ना! अख्खी चाळ ऐकतेय!”

“होते की नाही?”

“होते, होते! आत्ताच झाली!”

“पायाला मुंग्या?”

“नाय.”

“झोपा मग.”

ते चटईवर पालथे पडले. मी पट्टा काढला आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. उशीत तोंड खुपसूनच ते म्हणाले, “आईच्या नावावरच्या सिटिंग सोडल्या मी. सांगून आलो त्यांना. पुन्हा नाव नको म्हटलं.”

सासूबाईंनी खाटेवरून एक लांब सुस्कारा सोडला. त्यात पैशांचं दुःख होतं.

मी डावा पाय उचलला. आता तो उचलतो, पूर्ण नाही, पण उचलतो. पुढे नेला आणि खाली टेकवला. त्यांची पाठ ताठ आहे की सैल, गरम आहे की गार, तळव्याला काहीच कळेना. अंगठ्याकडच्या अर्ध्या तळव्याला अजून काही कळत नाही, आणि कदाचित कधी कळणारही नाही.

“लागला का गं पाय?” भाऊजींनी विचारलं.

मी खाली बघितलं.

“लागला,” म्हटलं. “आता हलू नका. अजून दोनदा.”